चाकांची खुर्ची

धारवाडच्या एका आजीबाई परवा चाकांच्या खुर्चीतून उठताना पडल्या. ब्रेक लावलेला होता, तरी खुर्ची मागे सरकली. आम्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिला. त्यात हवाच नव्हती! या खुर्चीचा ब्रेक टायरवरच दाबून बसतो. टायर मऊ पडला की पकड सुटते. घरात हे कोणासही ठाऊक नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही नव्हते. तेव्हा हवेचे टायर असतील त्यांनी दर आठवड्यास ते तपासावेत. पुढील लहान चाकांत गुंतलेले केस व दोरे काढावेत.

उठण्यापूर्वी दोन्ही ब्रेक लावून पायाखालच्या फळ्या वर कराव्यात. त्यांवर भार दिल्यास खुर्ची पुढे कलंडते. धारवाडच्या तीव्र उतारावर खुर्ची उलटी न्यावी : बसणाऱ्याचे तोंड चढाकडे, आणि धरणारा उताराच्या बाजूस. हुबळी स्थानकाचा १,५०७ मीटरांचा फलाट मार्च २०२३ मध्ये जगातील सर्वांत लांब म्हणून गाजला. खुर्ची ढकलणाऱ्यास त्या कौतुकाचे काय! तेथे विसावताना खुर्ची रुळांना समांतर ठेवावी व ब्रेक लावावेत.

आजीबाईंचा मनगटाचा लेप अजून सुटलेला नाही. नातवाने मात्र हवेचा पंप दाराशीच टांगला आहे.