चेन्नईत अस्वल समुद्रात उतरते

तारकासमूह शिकवताना ग्रीक पुराणकथा सांगाव्यात की नाही, यावर देशात दोन ठाम पक्ष आहेत. एकाला त्या परक्या वाटतात, दुसऱ्याला अवैज्ञानिक. कथा आकाशाशी ताडून पाहण्याचे मात्र दोघांनाही सुचत नाही.

कॅलिस्टोची कथा घ्यावी. झ्यूसचे मन जिच्यावर जडले, त्या कॅलिस्टोचे अस्वल झाले आणि पुढे तिला आकाशात स्थान मिळाले. संतापलेल्या हेराने सागराला गळ घातली, की या अस्वलाला पाण्यात कधीही उतरू देऊ नये. होमरच्या काव्यातही हे अस्वल सागरस्नानाला मुकलेलेच आहे. वरवर मत्सराची वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात निरीक्षणाची नोंद आहे. मोठ्या अस्वलातील सात ठळक तारे, म्हणजेच सप्तर्षी, प्राचीन ग्रीसमध्ये मावळत नसत.

चेन्नईत ते मावळतात. ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते: अथेन्सला सुमारे ३८ अंश, श्रीनगरला ३४, चेन्नईला १३. ध्रुवबिंदूपासून त्याहून दूर असलेला तारा क्षितिजाखाली जाणारच. सप्तर्षींतील क्रतू ध्रुवबिंदूपासून सुमारे २८ अंशांवर आहे, मरीची ४१ अंशांवर. त्यामुळे श्रीनगरला क्रतू मावळत नाही, मरीची मावळतो. चेन्नईला सातही तारे मावळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री आठच्या सुमारास तेथे ते दिसतच नाहीत. ‘सप्तर्षी कधीच मावळत नाहीत’ हे पाठ केलेली मुलगी गच्चीवर जाते, आकाश रिकामे पाहते आणि चूक आपल्याच डोळ्यांची मानून परत येते. खरे नुकसान हे आहे. कथा ग्रीक आहे की भारतीय, याने त्यात काही फरक पडत नाही.

मरीचीचे ४१ अंश अथेन्सच्या ३८ हून अधिक आहेत, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लक्षात येईलच. आज अथेन्समध्येही अस्वलाची शेपटी पाण्याला लागते! तरीही होमर चुकलेला नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पूर्ण करतो, आणि होमरच्या काळी ध्रुवबिंदू सप्तर्षींच्या बराच जवळ होता. परांचनाची याहून सुरस ओळख क्वचितच सापडेल.

कथा सांगून झाली, की कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून ध्रुवताऱ्याची उंची मोजायला लावावी, आणि मग वर्गाला विचारावे: आपल्या गावी अस्वल पाण्यात किती खोल उतरते?