डेटा हलवला, पण पोहोचला का?

मागच्या पावसाळ्यात पुसदजवळच्या एका गावातली विशीतली मुलगी वॉर्डात दाखल झाली. सिकलसेलची रुग्ण. हाडे असह्य दुखत होती, हिमोग्लोबिन बरेच खाली गेले होते, रक्त चढवणे भाग होते. याआधी रक्त दिले आहे का, असे विचारल्यावर वडील म्हणाले, "हो डॉक्टरसाहेब, दोन-तीन वेळा. तिकडं मोठ्या दवाखान्यात. पण कागद सगळे भिजले." मी त्या रुग्णालयात फोन लावला. उत्तर आले, "सर, आमची सिस्टीम बदलली. जुनं काही दिसत नाही."

वाचकांना वाटेल, रक्तगट तर पुन्हा तपासता येतो, मग जुन्या नोंदीचे एवढे काय? अडचण अशी, की वारंवार रक्त घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे म्हणजेच अँटिबॉडी तयार होऊ शकतात. काही महिन्यांनी त्यांचे प्रमाण इतके घटते, की तपासणीत त्या दिसतही नाहीत. क्रॉसमॅच व्यवस्थित जुळते, रक्त चढते आणि काही दिवसांनी शरीर तेच रक्त फोडू लागते. अशा वेळी सावध करणारी एकच गोष्ट असते, जुनी नोंद. आम्ही रक्तपेढीशी बोललो, जास्तीच्या तपासण्या करून घेतल्या, मुलगी बरी होऊन घरी गेली. पण हे निभावणे होते, व्यवस्था नव्हे.

मोठ्या रुग्णालयाचा डेटा टेबलावरच्या संगणकात राहत नाही. तो स्टोरेज ॲरेमध्ये असतो. अनेक डिस्क एका कपाटात बसवून त्या एकत्र चालवतात. एखादी बिघडली तरी माहिती सहसा वाचते. पण या यंत्रालाही वय असते. साधारण पाच ते सात वर्षांनी ते बदलावे लागते आणि जुन्यातला सगळा डेटा नव्यात न्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी हे 'कॉम्प्युटरवाल्यांचे काम' समजले जाते. माझे म्हणणे एवढेच, की हे रुग्णसेवेचे काम आहे आणि त्यात डॉक्टरांची सही असली पाहिजे.

कामाचा आवाका पाहा. सीटी स्कॅनची एक प्रतिमा साधारण अर्धा एमबी. एका तपासणीत चारशे प्रतिमा धरल्या तर २०० एमबी. रोज तीस तपासण्या धरल्या तर वर्षाला सुमारे दोन टेराबाइट. दहा वर्षांचे वीस टेराबाइट एक गिगाबिटच्या वायरमधून पूर्ण वेगाने पाठवले तरी जवळपास पंचेचाळीस तास लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त. आणि रुग्णालय दोन दिवस बंद ठेवता येत नाही. कॉपी चालू असतानाच रात्री दोनला अपघाताचा रुग्ण येतो, त्याचा स्कॅन होतो, रिपोर्ट लिहिला जातो. तो जुन्या पेटीत राहिला आणि सकाळी नवी पेटी सुरू झाली, तर तो रिपोर्ट कुणाला दिसणार?

अतिदक्षता विभागातला रुग्ण दुसऱ्या खाटेवर हलवताना आपण काय करतो? नव्या जागेचा ऑक्सिजन सुरू आहे याची खात्री करूनच जुना काढतो. सलाइन, नळ्या, औषधे मोजून घेतो. रुग्ण पोहोचल्यावर नाडी पुन्हा पाहतो. डेटालाही हाच नियम लावावा. पहिली मोठी कॉपी झाल्यावर मधल्या काळातले बदल पुन्हा पुन्हा न्यावेत आणि शेवटचा छोटा टप्पा कमी गर्दीच्या वेळी, आधी सांगून पार पाडावा. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून काढलेला पडताळा-आकडा, दोन्हीकडे जुळवावा. वर्षानुवर्षे न उघडलेली फाइल आधीच खराब झालेली असू शकते. ते बहुधा अशाच वेळी कळते.

पण चेकसम जुळला म्हणजे फाइल जशीच्या तशी आली, इतकेच कळते. ती योग्य रुग्णाच्या नावावर उघडते का, हे यंत्र सांगत नाही. म्हणून डॉक्टर, परिचारिका आणि नोंदणी विभागाने वेगवेगळ्या वर्षांचे काही रुग्ण निवडून त्यांच्या नोंदी नव्या यंत्रात उघडून पाहाव्यात. तोवर जुने यंत्र पुसू नये, भंगारातही देऊ नये.

व्यवस्था बदलताना काय होते, ते राज्याने जुलै २०२२ मध्ये पाहिले आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील एचएमआयएस ही संगणकप्रणाली बंद झाली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. जुन्या नोंदी पाहणे अवघड झाले. तिथे प्रश्न पेटीचा कमी आणि कराराचा जास्त होता. धडा मात्र तोच. डेटा कोणाचा, तो कोणत्या स्वरूपात परत मिळेल आणि पोहोचल्याची खात्री कोण करेल, हे खरेदीच्या दिवशीच कागदावर हवे.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. सिकलसेलचा रुग्ण मात्र तो आजार जन्मभर वागवतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तिचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे. म्हणजे आज पुसदमध्ये तपासलेल्या बाळाची नोंद तोवर किमान तीन वेळा एका यंत्रातून दुसऱ्यात जाईल. त्या प्रत्येक खेपेला ती पोहोचली की नाही, हे कोणीतरी उघडून पाहिले पाहिजे.

वाचकांनीही आपल्या डिस्चार्ज कार्डाची आणि रक्त चढवल्याच्या कागदाची एक प्रत घरी प्लास्टिकच्या पिशवीत आणि एक फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. पण ती तुमची खबरदारी झाली. नोंद जपण्याची जबाबदारी रुग्णालयाचीच आहे.