आधी टोल, मग बाह्यवळण

पुणे-नाशिक रस्त्याने ज्यांनी अर्धे आयुष्य ये-जा केली आहे, त्यांना राजगुरुनगर, मंचर, कळंब, नारायणगाव आणि आळेफाटा ही नावे गावांची म्हणून कमी आणि खोळंब्याची म्हणून अधिक ठाऊक आहेत. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो आणि मंचरची तरकारी याच रस्त्याने जाते. गाडी दोन तास अडकली की मालाचा भाव पडतो, आणि तो तोटा कुठल्याही सरकारी कागदावर येत नाही. म्हणूनच रस्त्याच्या ठेकेदाराला जाब विचारायचा म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाकडे जुन्नर-आंबेगावच्या माणसाने केवळ खड्ड्यांची तक्रार म्हणून पाहू नये असे मला वाटते.

खेड ते सिन्नर या सुमारे १३८ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०१३ मध्ये ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने आयएल अँड एफएस समूहाच्या कंपनीकडे गेले. या पद्धतीतली कल्पना कागदावर मोठी सुंदर आहे. ठेकेदाराने पैसा घालावा, रस्ता बांधावा, ठरलेली वर्षे टोल घेऊन तो सांभाळावा आणि मग सरकारला परत द्यावा. ज्याला पुढची वर्षे त्याच रस्त्यावर कमवायचे आहे तो काम कच्चे कशाला करील, असा तो हिशेब. पण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या नमुना करारात एक बारीक दार आहे. एकूण लांबीपैकी ७५ टक्के काम झाले की तात्पुरता पूर्णत्वाचा दाखला मिळू शकतो आणि त्या दाखल्यावर टोल सुरू होतो. उरलेले पंचवीस टक्के कोणते असावेत हे अंकगणिताला कळत नाही. आपल्याकडे ते नेमके बाह्यवळणांचे निघाले. मोकळ्या माळावरचा रस्ता रुंद झाला आणि गावातली कोंडी होती तशीच राहिली. चाळकवाडीच्या टोलनाक्यावर लोक रस्त्यावर उतरले ते यासाठीच. आधी बाह्यवळणे, मग टोल, एवढीच त्यांची मागणी होती.

यात सगळा दोष ठेकेदाराचा होता असे म्हणणे सोपे, पण अपुरे होईल. बाह्यवळण म्हणजे बागायती जमीन, आणि ती संपादन करून देण्याची जबाबदारी सरकारची. जमीन वेळेवर मिळाली नाही की ठेकेदार त्याकडे बोट दाखवतो, आणि करारही त्याला तशी मुभा देतो. दोघांची बोटे एकमेकांकडे असली की तिसरा, म्हणजे टोल भरणारा, मध्ये उभा राहतो.

पुढे २०१८ मध्ये आयएल अँड एफएसच कोसळली. कर्जाचा डोंगर ९१ हजार कोटींच्या वर गेला होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवे मंडळ बसले. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर या घटनेची चर्चा रोखे आणि म्युच्युअल फंडांच्या भाषेत झाली. आपल्याकडे तिचा अर्थ अर्धवट पूल आणि मातीचे भराव एवढाच होता. अशा वेळी जाब विचारायचा कोणाला? नमुना करारातला एक नियम वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावा. टोल सुरू झाल्यानंतर ठेकेदाराच्या चुकीने करार मोडला, तरी त्याला कर्ज देणाऱ्या बँकांच्या थकबाकीपैकी ९० टक्के रक्कम, विम्याची रक्कम वजा करून, प्राधिकरणाने द्यायची असते. बँका वाचाव्यात हे ठीकच आहे. पण प्रवाशाच्या वाट्याला त्या करारात असे काहीच नाही.

खेड घाट आणि नारायणगाव ही बाह्यवळणे अखेर जुलै २०२१ मध्ये खुली झाली, आणि ती कोणी आणली यावरून खासदार डॉ. अमोल कोल्हे आणि माजी खासदार शिवाजीराव आढळराव पाटील यांच्या गटांत श्रेयाचा वाद पेटला. त्याच उत्साहाने उशिराचे श्रेय घ्यायला कोणी पुढे आल्याचे मला तरी आठवत नाही.

आता देखरेखीकडे वळू. अशा प्रत्येक महामार्गावर ‘स्वतंत्र अभियंता’ नावाची एक सल्लागार संस्था असते. काम तपासायचे आणि दाखला द्यायचा, हे तिचे काम. तिच्या शुल्कातला निम्मा भार, नमुना करारानुसार, ठेकेदाराने सोसायचा असतो. यात बेकायदा काही नाही. पण पेपर तपासणाऱ्याचे निम्मे मानधन परीक्षार्थ्याच्या खिशातून जाते, याला ‘स्वतंत्र’ हे विशेषण जरा जड जाते.

१७ जानेवारी २०२५ रोजी नारायणगावजवळ याच महामार्गावर एका टेम्पोने प्रवासी व्हॅनला मागून धडक दिली. व्हॅन पुढे उभ्या असलेल्या रिकाम्या एस. टी. बसवर आदळली आणि नऊ माणसे जागीच गेली. अशा अपघातानंतर आपण चालकाचा दोष शोधतो, आणि तो बहुधा असतोही. पण भरधाव रस्त्यावर वाहन उभे राहिले तर ते किती वेळात दिसले पाहिजे, क्रेनने किती वेळात हलवले पाहिजे, गस्तीची गाडी कधी फिरली पाहिजे, या गोष्टी टोलरस्त्याच्या देखभालीतच मोडतात. टोल केवळ डांबराचा नसतो. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम १९८-अ आणले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न झाल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना दंड होऊ शकतो. दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये! शेकडो कोटींच्या कामात एक लाखाने कोणाची झोप उडणार?

महामार्ग निदान बातमीत येतो. आडरस्त्यांचे काय? ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा ध्यानात आले ते सकाळची एस. टी. घेऊन आलेल्या चालकाच्या. पुढे आमडे येथे ६७ घरांचे नवे माळीण उभे राहिले आणि एप्रिल २०१७ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ते लोकांच्या हवाली झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात नव्या गावातले रस्ते खचले, गटारे फुटली, भराव सरकले. ज्यांनी एकदा डोंगर अंगावर येताना पाहिला, त्यांच्या पायाखालची माती पुन्हा हलली. दुरुस्ती झाली, हे खरे. पण पावसाळा लागण्यापूर्वी भराव पुरेसा दबला आहे, असे कोणाच्या सहीने ठरले होते? भीमाशंकरच्या बाजूला पाऊस किती पडतो हे कळण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. तिथल्या शेतकऱ्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते की नवा बांध एक पावसाळा खाल्ल्याशिवाय बसत नाही.

ठेकेदारांचीही एक बाजू आहे. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ज्या गावरस्त्यांवरून कारखान्याला जातात, ते रस्ते त्या वजनासाठी बांधलेलेच नसतात. हे मान्य. मात्र रस्ता बहुतेक वेळा वजनाआधी पाण्याने मरतो. साइडपट्टी भरली नाही, मोरी बुजली, की पाणी डांबराखाली शिरते आणि मग उसाची ट्रॉली निमित्ताला कारण होते.

आमच्या वस्तीच्या रस्त्याचे डांबरीकरण झाले तेव्हा दुसऱ्या दिवाळीला खडी वर आली. मी कार्यालयात जाऊन मोजमाप पुस्तिका पाहायला मागितली. तिथल्या गृहस्थांनी मला चहा पाजला आणि पुस्तिका ‘साहेबांकडे’ असल्याचे सांगितले. तिसऱ्या खेपेला, लेखी अर्ज केल्यावर, ती साहेबांकडून परत आली. तिच्यात कार्पेटची जाडी पूर्ण वीस मिलिमीटर होती. रस्त्यावर ती तेवढी नव्हती, हे पायाच्या अंगठ्याने उकरणाऱ्या पोरालाही दिसत होते.

हा अनुभव सांगण्याचे कारण असे की माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपण फक्त कागद मागण्यापुरता वापरतो. त्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येत कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. दोषदायित्वाचा कालावधी संपण्याआधी असा नमुना घेतला, तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते. तो संपल्यावर तीच दुरुस्ती नव्या निविदेने, कधी कधी त्याच ठेकेदाराकडून होते. तारीख माहीत असणे हीच इथे निम्मी लढाई असते, आणि फलकावरची नेमकी तीच ओळ आधी पुसट होते.

न्यायालये मात्र अलीकडे कडक होऊ लागली आहेत. केरळमधील पालियेक्करा टोलनाक्यावरची वसुली ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने कोंडीमुळे थांबवली आणि सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचे आदेश दिले. ती रक्कम जबाबदार अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल करावी, असेही बजावले. एक लाखाच्या दंडापेक्षा हे वेगळे आहे. दंड सरकारी निधीत जातो, भरपाई घरात येते.

नाशिक फाटा ते खेड या तीस किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. खर्च ७,८२७ कोटी, पद्धत पुन्हा तीच, बांधा-वापरा-हस्तांतरित करा. मंचर-जुन्नरचा माणूस पुण्याला जाताना त्याचा टोल भरणारच आहे. तेव्हा तात्पुरत्या दाखल्यासाठी ७५ टक्क्यांत कोणती कामे धरायची, कोंडीच्या जागा त्यात आधी येणार की नाही, आणि कंपनी बुडाली तर उरलेले काम किती महिन्यांत कोण करणार, हे आताच विचारले पाहिजे. त्या कराराची मराठी प्रत आंबेगाव आणि जुन्नरच्या पंचायत समितीत, कोणालाही चहा न पिता पाहता येईल अशी, टेबलावर ठेवावी.