आत्मवृत्त छत्रीचे, अर्ज मात्र स्वतःचा

बारावीचा निकाल लागला की इचलकरंजीतील घराघरांत पर्सेंटाइलची चर्चा सुरू होते. कोणती शाखा, कोणती फेरी, कोणते महाविद्यालय, सारा हिशेब आकड्यांचा. १९८२ पासून ‘डीकेटीई’ गावात असल्याने हा हिशेब येथील पालकांना तोंडपाठ आहे. परंतु परदेशी विद्यापीठाचा किंवा आपल्याच देशातील अशोकासारख्या विद्यापीठाचा अर्ज भरण्याची वेळ आली, की हुशार मुलेही एका रकान्यापाशी अडतात. तेथे गुण विचारलेले नसतात. स्वतःविषयी लिहायला सांगितलेले असते. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांच्या सामायिक अर्जात त्यासाठी ६५० शब्दांची मर्यादा आहे.

या रकान्याचे वजन अलीकडे वाढले आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. मात्र वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला, हे विद्यार्थ्याने निबंधात मांडण्यास आडकाठी ठेवली नाही. ब्रिटनने २०२६ च्या प्रवेशांपासून जुन्या सलग निवेदनाऐवजी तीन स्वतंत्र प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. तेथे २००७ मध्ये अर्जांची छाननी झाली, तेव्हा २३४ उमेदवारांनी एकच आठवण सांगितल्याचे आढळले होते : आठव्या वाढदिवशी रसायनांचा प्रयोग करताना पायजम्याला भोके पडली! पायजमे २३४, भोक मात्र एकाच नमुन्यातून पडलेले.

आपण हसावे, अशी आपली स्थिती नाही. शाळेत दहा वर्षे आपण मुलांकडून ‘आत्मवृत्त’ लिहून घेतो; पण ते छत्रीचे, नदीचे, फाटक्या पुस्तकाचे. ‘मी पंतप्रधान झालो तर’ हेही लिहून घेतो. ‘मी’ या शब्दाने सुरू होणारे इतके निबंध लिहूनही विद्यार्थ्याला स्वतःविषयी एक खरे वाक्य लिहिण्याचा प्रसंग येत नाही. सुविचाराने आरंभ, म्हणींची पेरणी, शेवटी संकल्प. गुण त्यालाच मिळतात. हीच सवय परदेशी अर्जात उतरते आणि तेथे ती निरुपयोगी ठरते.

वास्तविक या प्रकारच्या लेखनाचा एक उत्तम नमुना मराठी घरातलाच आहे. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपले शिक्षण कोठवर झाले आहे, हे त्यांनी साधेपणाने सांगितले. सर्व अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, याची कबुली दिली. आणि पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे आहे, असे स्पष्ट लिहिले. पत्रात अलंकार नाहीत. ही मुलगी कोण आणि तिला हेच का शिकायचे आहे, हे वाचणाऱ्याला कळते. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

इचलकरंजीच्या मुलांजवळ सामग्रीची वाण नाही. १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून या गावाचे दिवस आणि रात्री मागाच्या खडखडाटात गेल्या आहेत. वहिफणी करणाऱ्या बापाचे बोट हजारो उभ्या धाग्यांतून न चुकता कसे फिरते, पिकाच्या हिशेबाने मजुरी कशी निघते, वीज गेल्यावर अचानक पसरलेली शांतता घरात कोणाला नकोशी वाटते, हे येथल्या मुलाने पाहिलेले असते. पण त्याला ते लिहिण्याजोगे वाटत नाही. तो एखाद्या थोर शास्त्रज्ञाचे नाव घेऊन सुरुवात करतो. समजा, एखाद्या मुलीने वडिलांच्या मजुरीच्या वहीतील चूक शोधून काढली आणि तेथून तिला गणिताची गोडी लागली. तर त्या वहीचे एक पान दहा प्रेरणादायी वाक्यांहून अधिक बोलके ठरेल.

येथे एक धोकाही आहे. गरिबीला भाव आहे, असे कळताच ती वाढवून सांगण्याचा मोह होतो आणि सल्लागार तो मोह वाढवतात. आईबापांचे कष्ट हे प्रदर्शनाचे सामान नव्हे. आपले हाल किती झाले, यापेक्षा त्या परिस्थितीत आपण काय पाहिले, काय केले, कोठे चुकलो, हे महत्त्वाचे. ज्याला हाल सांगायचे नाहीत, त्याने ते सांगू नयेत. मागातील एखाद्या बिघाडाविषयीचे कुतूहलही पुरेसे आहे.

पैसे घेऊन निबंध लिहून देणारे पूर्वीही होते. आता संगणकच तो फुकट लिहून देतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये निबंधांना स्वतंत्र गुण देणे थांबवले, त्यामागे ही दोन्ही कारणे होती. निबंध वाचला जातो, पण सफाईदार भाषेची किंमत उतरली आहे. इंग्रजी बेताचे असलेल्या आपल्या मुलांना ही एका परीने संधीच आहे. पहिला मसुदा त्यांनी मराठीत, घरी बोलतात त्या बोलीत लिहावा आणि इंग्रजीकडे नंतर वळावे.

यासाठी महागड्या शिकवणीची गरज नाही. आपटे वाचन मंदिरासारखे जुने ग्रंथालय गावात आहे, निवृत्त शिक्षक आहेत. रविवारी दोन तास एखाद्या शिक्षकाने पाच-सहा मुलांना समोर बसवून त्यांचे लिखाण ऐकावे, त्यातले एकही वाक्य स्वतः सुधारू नये आणि जेथे सुविचार येईल तेथे थांबवून एवढेच विचारावे, ‘हे राहू दे, त्या दिवशी कारखान्यात नेमके काय झाले?’