उन्हाच्या गावातून उन्हाच्या शोधात

परीक्षांचे वेळापत्रक शाळेच्या फलकावर लागले, की सोलापूरच्या मध्यमवर्गीय घरांत दुसऱ्याच एका वेळापत्रकाची जुळवाजुळव सुरू होते. यंदा सुट्टीत कोठे जायचे? एका पिढीपूर्वी या प्रश्नाचे उत्तर आजोळ आणि कुलदैवत या दोन शब्दांत संपत असे. आता ते फुकेत, पट्टाया, बाली आणि मालदीवच्या रंगीत पत्रकांत शोधले जाते. पत्रकावरचे चित्र बहुधा एकच असते : निळे पाणी, पांढरी वाळू, तिरका वाढलेला माड आणि त्याखाली एक रिकामी आरामखुर्ची. त्या खुर्चीला भुलून पैसे भरले जातात. प्रत्यक्षात तिच्यावर बसण्याची सवड कोणालाच मिळत नाही.

कारण चित्रामागे छापलेला कार्यक्रम वेगळाच असतो. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, विमानतळावरच्या रांगांत उभे राहायचे, रात्रभर विमानात अवघडून बसायचे आणि पहाटे उतरताच बसमध्ये चढायचे. सकाळी वेगवान नौकेतून बेट, दुपारी भारतीय भोजन, संध्याकाळी खरेदी आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधून पुढचे शहर! पाच दिवसांची ही मोहीम आटोपून परतलेले कुटुंब शीण घालवण्यासाठी आणखी दोन दिवसांची रजा काढते. याला विश्रांती म्हणायचे असेल, तर दगदगीसाठी नवा शब्द शोधावा लागेल.

नकाशा काय सांगतो?

पत्रकातील परवलीचा शब्द आहे ‘ट्रॉपिकल’. शाळेच्या भूगोलात त्यालाच उष्ण कटिबंध म्हणतात. हा कटिबंध कर्कवृत्तापासून मकरवृत्तापर्यंत पसरलेला आहे. कर्कवृत्त भारतात गुजरात, मध्य प्रदेश अशा राज्यांतून जाते. अवघा महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेस आहे. सोलापूर तर सुमारे १७ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर वसलेले. ज्या जमैकाची छायाचित्रे पाहून पाश्चात्त्य प्रवासी सुस्कारे टाकतात, त्या बेटाची राजधानी किंग्स्टन १८ अंशांवर आहे. म्हणजे सोलापूरचा रहिवासी उष्ण कटिबंधात सुट्टी घालवायला निघतो, तेव्हा तो स्वतःच्याच घरी जाण्यासाठी तिकीट काढत असतो.

याच अक्षांशावरून सोलापुरातून सरळ पश्चिमेला रेषा ओढली, तर ती तीनशे किलोमीटरांच्या आसपास हर्णै आणि दाभोळ यांच्या दरम्यान समुद्राला मिळते. तेथेही माड आहेत, वाळू आहे आणि आरामखुर्चीची जागा घेणारी ओटी आहे. तरीही दापोली-गुहागरचे नाव काढले, की ‘तिथे काय आहे?’ असा प्रश्न येतो. वस्तुतः तेथे काय आहे हा प्रश्न दुय्यम आहे. सोलापूरच्या माणसाला कशापासून विसावा हवा आहे, हा खरा प्रश्न आहे. आणि तो विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

उसनी गरज

उन्हात वाळूवर पडून राहण्याची सुट्टी जन्माला आली ती थंड देशांत. वर्षाचे कित्येक महिने जेथे सूर्य ढगाआड असतो, दुपारी चारलाच अंधार पडतो आणि हाडे गोठतात, तेथील माणसाला ऊन ही चैन वाटते. गोरी कातडी उन्हात रापवण्याची रीतही युरोपात १९२०च्या दशकानंतर प्रतिष्ठा पावली. त्या लोकांची गरज खरी होती आणि त्यांनी शोधलेला उपाय त्यांच्यापुरता योग्यच होता.

हाच युरोपीय माणूस भारतात राज्य करू लागला, तेव्हा त्याने काय केले? तो उन्हाकडे धावला नाही, उन्हापासून पळाला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२८-२९च्या सुमारास, महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवण्यात आले. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याला माथेरानचा शोध लागला. १८६४ पासून तर इंग्रजांच्या हिंदुस्थानची उन्हाळी राजधानीच सिमल्याला जाऊ लागली. मायदेशी ऊन हवे आणि परक्या देशी सावली हवी, हे इंग्रजाला नेमके कळत होते. त्याने नेहमी स्वतःच्या शरीराला विचारून बेत केला.

त्याचे अनुकरण करणारा मात्र इतका विसरभोळा, की त्याने इंग्रजाचा शहाणपणा सोडून त्याची थंडी तेवढी उसनी घेतली! मे महिन्यात ज्या शहरात पारा चाळिशी ओलांडून जातो, डांबर वितळते आणि पंखा गरम हवा फिरवतो, त्या शहराचा नागरिक कर्ज काढून उन्हात लोळायला जातो, हे कशाचे लक्षण? पोशाख, भाषा, खाद्यपदार्थ यांचे अनुकरण समजू शकते. दुसऱ्याच्या हाडांतली हुडहुडी स्वतःची मानणे, हा परानुकरणाचा कळस होय.

मे महिन्याचा हट्ट

या परावलंबी बेताचे व्यावहारिक तोटेही आहेत. शाळांच्या सुट्टीमुळे सर्वांची निवड मे महिन्यावर येते. मालदीवमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा हंगाम मे महिन्यातच सुरू होतो. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर याच सुमारास समुद्र खवळू लागतो आणि पोहण्यास मनाई करणारी लाल निशाणे फडकतात. मोसमी पाऊस अंदमानात मेच्या उत्तरार्धात पोहोचतो. कोकणातही मेअखेरीस किनाऱ्यावरचे जलक्रीडा व्यवसाय आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यापुरत्या बंद होतात. बालीत मात्र मे महिना कोरडा असतो. इतका साधा तपशील पाहिल्यावाचून लाखाचा व्यवहार ठरतो आणि मग हॉटेलच्या खिडकीतून पाऊस पाहत दिवस काढावे लागतात. सोलापूरकराला पाऊसच पाहायचा असता, तर तो जूनमध्ये आंबोलीला जाऊन पोटभर पाहता आला असता.

पैशाचाही विचार करावा लागेल. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार २०२३-२४ या एका वर्षात भारतीयांनी ‘प्रवास’ या शीर्षकाखाली सुमारे १७ अब्ज डॉलर देशाबाहेर पाठवले. त्यात कामासाठीचा प्रवासही आहे, हे खरे. पण ‘आधी फिरा, नंतर फेडा’ या आमिषाने सुट्टीचे हप्ते वर्षभर फेडणारी कुटुंबेही त्यात आहेत. चार दिवसांच्या आरामासाठी बारा महिन्यांची चिंता विकत घेणे, याला कोणते अर्थशास्त्र म्हणावे?

रागाचे स्वदेशी

येथे कोणी म्हणेल, की समाज जागा झाला आहे. दाखला दिला जातो २०२४च्या जानेवारीचा. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लक्षद्वीपला भेट दिली. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अवमानकारक टिप्पणी केली आणि त्यांना निलंबित व्हावे लागले. भारतात मालदीववर बहिष्काराची लाट उसळली. २०२३ मध्ये मालदीवला गेलेल्या भारतीयांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. २०२४ मध्ये ती सुमारे १ लाख ३० हजारांवर आली.

राष्ट्राच्या अपमानाची चीड येणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे, याबद्दल वाद नाही. परंतु चिडीतून रद्द झालेले तिकीट म्हणजे स्वदेशीचे व्रत नव्हे. मालदीव रद्द केलेल्यांपैकी किती जणांनी लक्षद्वीपचा नकाशा उघडून पाहिला? छत्तीस बेटे, त्यांपैकी मनुष्यवस्ती केवळ दहांवर आणि साऱ्यांचे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. भारतीय नागरिकालाही तेथे जाण्यास परवाना लागतो. प्रवाळाच्या त्या नाजूक भूमीत गोड्या पाण्याचा थर अत्यंत पातळ आहे. मालदीवला जाणारा सारा लोंढा उद्या लक्षद्वीपवर लोटला, तर देशप्रेमाच्या नावाखाली देशाचीच बेटे बुडतील. ठिकाण बदलले आणि वृत्ती तीच राहिली, तर नुकसान फक्त घरचे होते.

त्याचा पुरावा कोकणात दिसतोच. भरतीचे भान न ठेवता वाळूवर मोटारी पळवायच्या आणि त्या पाण्यात अडकल्या की गावकऱ्यांना हाका मारायच्या, हे प्रकार पुन्हा पुन्हा घडतात. ज्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात, त्याच वाळूवर चाकांचे चर उमटतात. स्वदेशातील पर्यटन म्हणजे स्वदेशात केलेला धुडगूस, असा अर्थ कोणी काढू नये.

बालीचा धडा

मग परदेशी जाऊच नये काय? तसा आग्रह धरणे कूपमंडूकपणाचे ठरेल. ज्या पूर्वजांची गलबते सुवर्णद्वीपापर्यंत जात होती, त्यांच्या वंशजांना समुद्र ओलांडू नका असे सांगण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो डोळे उघडे ठेवून जाण्याचा.

बालीचेच उदाहरण घ्यावे. तेथील हिंदू समाज शक संवत्सर पाळतो. महाराष्ट्रात गुढीपाडव्याला जो शालिवाहन शक बदलतो, त्याच्याशी त्याचा आकडाही जुळतो. १९ मार्च २०२६ हा महाराष्ट्राच्या गुढीपाडव्याचा आणि बालीच्या ‘न्येपी’ या नववर्षाचाही दिवस. दोन्हीकडे शके १९४८. दाते पंचांग ज्या सोलापुरातून निघते, त्या शहराला तरी या योगाचे अप्रूप वाटायला हवे.

न्येपीच्या दिवशी बालीत चार गोष्टी वर्ज्य असतात : अग्नी व दिवे, काम, प्रवास आणि करमणूक. रस्ते ओस पडतात, देनपसारचा विमानतळ चोवीस तास बंद राहतो आणि परदेशी पाहुण्यांनाही हॉटेलाबाहेर पाऊल टाकता येत नाही. उष्ण कटिबंधातील एका प्राचीन समाजाने विश्रांतीची केलेली ही व्याख्या आहे! ज्या बेटाने नववर्षाचा पहिला दिवस स्तब्धतेला दिला, त्या बेटावर जाऊन भारतीय पर्यटक सकाळी झोपाळा, दुपारी धबधबा आणि रात्री नाचगाणे अशी यादी संपवतो.

ही दृष्टी महाराष्ट्रालाही परकी नाही. पावसाळ्याचे चार महिने साधुसंतांनी एका जागी राहावे, हा चातुर्मासाचा संकेत याच हवामानातून आला. भर दुपारी काम थांबवून घेतलेली वामकुक्षी हा आळस नसून उन्हाशी केलेला समंजस करार होता. ऊन जेथे मुबलक, तेथे विसावा म्हणजे सावली, पाणी, संथपणा आणि मौन.

बेत असा असावा

यातून सुट्टीचा बेत आखणाऱ्याला काही सूत्रे सहज मिळतात. एकच गाव निवडावे आणि तेथे किमान चार रात्री राहावे. मेच्या गर्दीपेक्षा दिवाळीनंतरचे दिवस किंवा नाताळची सुट्टी समुद्रासाठी उत्तम. एक दिवस पूर्ण रिकामा ठेवावा. त्या दिवशी काय पाहायचे याची यादीच करू नये. रत्नागिरी-कोल्हापूर-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग आहे. कराड-चिपळूणवरून कुंभार्ली घाट उतरूनही गुहागर गाठता येते. २०२५च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्यासाठी विमानसेवाही सुरू झाली.

मंडणगड तालुक्यातील वेळास गावी ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून कासवांच्या रक्षणाचे काम उभे केले. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान तेथे पिले समुद्राकडे सरपटत जातात आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतूनच होते. पाहुण्याचा पैसा थेट चुलीपाशी पोहोचणे, हे स्वदेशीचे खरे रूप. अंदमानला जायचे असेल, तर श्रीविजयपुरम् येथील सेल्युलर जेलसाठी दोन डुबक्यांमधला उरलासुरला वेळ देऊ नये. सावरकरांना १९११ मध्ये जेथे डांबले, त्या कोठडीसमोर उभे राहिल्यावर मनाला निवांतपणा हवा. पुढच्या नौकेची घाई नको.

अखेरीस एका गोष्टीचा विसर पडू नये. सुट्टी ही फुकट मिळालेली वस्तू नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. भरपगारी रजेचा हक्क कारखान्यांतील कामगारांना १९४८च्या कायद्याने दिला. १८७७ पासून गिरण्यांच्या भोंग्यावर जगलेल्या सोलापूरला या हक्काचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. आजही या शहरातला टेरी टॉवेल देशोदेशी जातो. कुठल्याशा किनाऱ्यावरच्या आरामखुर्चीवर तो अंथरलाही जात असेल. तो विणणाऱ्या यंत्रमाग कामगाराला काम तेवढाच दाम मिळतो. माग थांबला की रोजी थांबते. त्याच्या वाट्याला चार दिवसांची निवांत सुट्टी अजून यायची आहे. ज्यांच्या वाट्याला ती आली आहे, त्यांनी ती रांगांत, यादीत आणि हप्त्यांत उधळून टाकावी, हा त्या हक्काचाच अवमान आहे. सुट्टी घ्यावी, अवश्य घ्यावी. पण स्वतःच्या शरीराला, स्वतःच्या हवामानाला आणि स्वतःच्या खिशाला विचारून घ्यावी.