चिंचोके, माती आणि आपले रक्त

आपल्या शाळांमध्ये आरोग्य हा विषय बहुधा भिंतीवर शिकवला जातो. हात धुण्याच्या पायऱ्यांचे चित्र नळाजवळ, समतोल आहाराचा तक्ता भोजनगृहात, आणि वर्षातून एकदा पाहुण्या डॉक्टरांचे व्याख्यान. मुले त्या तक्त्याखालून रोज ये-जा करतात आणि व्याख्यानाच्या शेवटी टाळ्या वाजवतात. यातून काहीच साधत नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाला जे डोळ्यांनी दिसत नाही ते कानांनी पोचत नाही, हा लहान वर्गांना शिकवणाऱ्या आम्हा सर्वांचा अनुभव आहे. त्याच्या हाती वस्तू द्यावी लागते, आणि ती शक्यतो त्यानेच घडवलेली असावी लागते.

प्रदर्शनातल्या प्रतिकृती आम्हाला येथे अभिप्रेत नाहीत. थर्माकोलचे सुबक हृदय पाहिले की ते घरातल्या कोणत्या काकांनी कापले असावे, याचा अंदाज पालकांना चटकन येतो. आम्ही बोलत आहोत ते वेड्यावाकड्या, एका तासिकेत होणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी मोडल्या तरी चालणाऱ्या वस्तूंविषयी.

असे एक उदाहरण मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांतून आले. तेथे आरोग्यकार्य करणारे डेव्हिड वर्नर आणि त्यांचे सहकारी बिल बोवर यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात भोपळ्याच्या बाळाची कृती दिली आहे. वाळलेला पोकळ भोपळा घ्यायचा, त्यावर नाक-डोळे काढायचे, डोक्यावर भोक पाडून त्यावर ओले फडके ठेवायचे आणि तळाशी बूच बसवायचे. भोपळा पाण्याने काठोकाठ भरून बूच काढले की पाणी वाहू लागते आणि डोक्यावरचे फडके आत खोल जाते. जुलाब झालेल्या तान्ह्या बाळाची टाळू अशीच खोल जाते. पुढचे काही सांगावे लागत नाही. जेवढे पाणी जाते तेवढे वरून घालत राहिले पाहिजे, हे मुले स्वतःच बोलू लागतात.

अशीच वस्तू आपल्या घरच्या आजारासाठी का असू नये, हा आमचा प्रश्न आहे. आपल्या घरचा आजार म्हणजे सिकलसेल. विदर्भातील आदिवासी समाजांत आणि आपल्या बौद्ध समाजात तो मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे नागपुरात कोणाला नव्याने सांगायला नको. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी त्याचे पहिले वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले. भारतात तो १९५२ मध्ये प्रथम निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि त्यासाठी २०४७ ही मुदत ठरवली. एवढे असूनही आपल्या कितीतरी घरांत हा शब्द दार लावून उच्चारला जातो. तपासणीचा कागद कपाटात लग्नपत्रिकांच्या खाली ठेवला जातो आणि मुलगी वाहक आहे हे तिच्या सख्ख्या मावशीलाही कळू दिले जात नाही.

लहान वर्गांसाठी माती पुरते. गेरू कालवलेल्या मातीच्या ज्वारीएवढ्या गोळ्या म्हणजे निरोगी तांबड्या पेशी आणि नखाएवढे विळे म्हणजे आजारी पेशी. दोन्ही उन्हात कडक वाळवायचे. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. ती झाली रक्तवाहिनी. गोळ्या वरून सोडल्या की खालच्या वाटीत टपटपतात. विळे मिसळले की मध्येच अडकतात, त्यांच्यामागे गोळ्याही अडतात आणि वाटी रिकामी राहते. वाटी म्हणजे गुडघा, कोपर किंवा पाठ. तेथे रक्त पोचले नाही की असह्य दुखते. ताप, थंडी आणि अंगातले पाणी कमी होणे यांनी विळे वाढतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्यासारखी झालेली पेशी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून अशा मुलाचे रक्त सतत कमी पडते. हे सारे दुसरीच्या मुलाला त्या देठाकडे बोट दाखवून सांगता येते.

पाचवीच्या पुढे चिंचोके घ्यावेत. चिंचोका मधोमध फोडला की त्याची एक बाजू काळसर आणि एक पांढरी. आपल्या आज्या अशाच फोडलेल्या चिंचोक्यांचे दान टाकून खेळत. असा एक अर्धा चिंचोका म्हणजे वाहक वडील, दुसरा म्हणजे वाहक आई. दोघेही दिसायला धडधाकट. दोन्ही एकदम टाकायचे. दोन्ही काळे पडले तर मूल निरोगी, एक काळा आणि एक पांढरा पडला तर आईवडिलांसारखेच वाहक, दोन्ही पांढरे पडले तर मुलाला आजार. चाळीस वेळा टाकून वहीत रेघा ओढल्या की आजाराच्या रेघा साधारण दहाच्या आसपास येतात. मग एक अर्धा चिंचोका काढून घ्यायचा आणि त्याच्या जागी अख्खा, दोन्हीकडून काळा चिंचोका द्यायचा. आता दिवसभर टाकत बसले तरी दोन्ही पांढरे पडणार नाहीत.

या खेळात तीन गैरसमज पाठोपाठ गळून पडतात. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुखरूप होतील, असे हिशेब आपल्याकडे मांडले जातात. पण चिंचोक्याला मागचे दान आठवत नाही, प्रत्येक वेळी शक्यता तीच, चारात एक. दुसरा गैरसमज वाहकाच्या लग्नाविषयी. वाहकाने लग्नच करू नये असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. दोघांनी आधी तपासून घ्यावे, एवढेच ते सांगते. तिसरा गैरसमज सर्वांत क्रूर आहे. आजारी लेकरू जन्मले की बोट सुनेकडे जाते. ‘आमच्या घराण्यात असे कधी नव्हते’ हे वाक्य तिने किती वर्षे ऐकायचे? दोन्ही पांढरे पडण्यासाठी दोन्ही चिंचोके लागतात, हे दहा वर्षांच्या मुलाला कळले तर तो उद्या घरात ते वाक्य तसे बोलू देणार नाही.

मोठ्या मुलांना आणखी एक सांगावे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले की वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. ज्या प्रदेशांत मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारली, तेथे हा गुण टिकून राहिला. पूर्वजन्मीच्या पापाचा येथे काहीही संबंध नाही, आणि हे आपल्या समाजाइतके अगत्याने दुसऱ्या कोणी शिकवायला हवे?

काही पालकांचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे आणि तो आम्ही हलका मानत नाही. येथून ७५-८० किलोमीटरवरच्या वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाभोवती उभारलेल्या ‘नयी तालीम’चा विचार देशापुढे आला. ज्यांच्या हातांना पिढीजात कामाची सक्ती होती, त्यांना शाळेतही पुन्हा हातकाम, ही शंका रास्त होती. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि मुंबई व औरंगाबादला महाविद्यालये उभी केली, ती आपल्या मुलांना ज्ञानाच्या सर्वोच्च पायरीवर नेण्यासाठी. म्हणून भेद स्पष्ट करतो. आमच्या वर्गातली माती पोटापाण्यासाठी नाही आणि विक्रीसाठीही नाही. पेशी, आनुवंशिकता, संभाव्यता या महाविद्यालयातल्या कल्पना आहेत. त्या आम्ही दहाव्या वर्षी मुलाच्या मुठीत देऊ पाहतो.

शिवाय ही रीत आपल्या परंपरेला परकी नाही. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. भिक्खुसंघाला बोलावून रुग्णसेवेविषयी सांगितले ते त्यानंतर. आमच्या मते आरोग्यशिक्षणाचा क्रम येथेच ठरून गेला आहे.

निवासी शाळेला तर यातून सुटकाच नाही. मूल रात्रीचे आपल्या ताब्यात असते. दुखते म्हणणारे मूल कवायत चुकवण्यासाठी बहाणा करते, असा समज वसतिगृहांत सहज रुजतो, कारण सिकलसेलची वेदना बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रत्येक मुलाने, आजार असो वा नसो, पुठ्ठ्याची वेदनापट्टी बनवावी: हसऱ्या चेहऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत सहा चेहरे, स्वतः काढलेले. रात्री दोन वाजता शब्द सुचत नाहीत, बोट ठेवता येते. दुसरी वस्तू पाण्याची माळ. दोऱ्यात ओवलेले मणी, प्रत्येक पेल्याला एक मणी पुढे. आणि ही माळ खरी करायची तर अधीक्षकांनी रात्री लघवीला उठणाऱ्या मुलाला रागावता कामा नये. या आजारात मूत्रपिंडाला पाणी नीट राखता येत नाही, त्यामुळे असे मूल वारंवार उठते, कधी अंथरूणही ओले करते. डिसेंबरात नागपूरचा पारा दहा अंशांखाली उतरतो तेव्हा थंड पाण्याने अंघोळीची शिस्तही बाजूला ठेवावी लागेल. ताप चढला, धाप लागली किंवा डोळे-ओठ एकाएकी पांढरे पडले तर पट्टी-माळ सोडून थेट रुग्णालय.

एक नियम मात्र कडक हवा. कोणत्या मुलाचा अहवाल काय आहे, हे वर्गात विचारायचे नाही, फलकावर लिहायचे नाही. चिंचोके सर्वांनीच टाकायचे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा डॉक्टर आहेत त्यांनी वर्षातला एक शनिवार द्यावा. जागतिक सिकलसेल दिन १९ जूनला येतो, विदर्भातल्या शाळा त्याच सुमारास उघडतात; तेव्हापासून आरंभ करता येईल. पालकांकडे मागणे त्याहून लहान आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर घरी चिंचा फोडाल तेव्हा चिंचोके उकिरड्यावर टाकू नका. धुऊन, वाळवून, जुन्या पिशवीत भरून मुलाच्या ट्रंकेत ठेवा. एका वर्गाला दोन शेर पुरतात.