खारी जमीन पडीक नव्हे!

आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर 'पोटखराब' असा एक रकाना असतो. कारकुनीत हा शब्द इतक्यांदा नजरेखालून गेला आहे की आता त्याचा राग येतो. जमिनीत मीठ शिरले की ती खराब, खराब म्हणजे निकामी आणि निकामी म्हणजे विकायला मोकळी, असा सरळ हिशेब!

मध्यंतरी नात्यातल्या लग्नासाठी उधन्याला गेलो होतो. यंत्रमागांच्या खडखडाटात अर्धे बोलणे खानदेशी मराठीत. तिथे शेतीचा विषय निघेल असे वाटले नव्हते. पण सुरत जिल्ह्याला मीठ दोन्ही बाजूंनी छळते. ओलपाडकडे समुद्राचे आणि आत उकाई-काक्रापार कालव्याचे. कालव्याचे पाणी गोडे, मग मीठ कुठून आले? उसाला आणि भाताला भरमसाट पाणी दिले, निचरा केला नाही, जमिनीतली पाण्याची पातळी वर आली आणि खोलवरचे क्षार घेऊन आली. उपाय म्हणून तिथे जमिनीखाली निचऱ्याचे पाईप घालावे लागले.

आपल्याकडे मात्र खारी जमीन म्हटली की कुणीतरी जिप्समचे नाव घेतोच. अहो, जिप्सम चोपण जमिनीसाठी, जिथे सामू 8.5च्या वर जातो तिथे. खाजनाची माती बहुधा आम्ल. तिला हवा पावसाचा धुवा आणि पाण्याला वाट. आधी निचरा, मग चारा. पॅरा गवत दलदल आणि थोडा खारेपणा सोसते. कर्नालचे शास्त्रज्ञ ज्या कल्लर गवताची शिफारस करतात ते तर चोपणातही तगते. जमीन गवताने झाकली की ऊन थेट लागत नाही, वाफ कमी होते, म्हणून मीठ वर चढत नाही. मुळे कुजून माती भुसभुशीत होते. गुरांना चारा मिळतो तो वेगळाच.

गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर खाजन आहे. बांध आणि मानस या दोन गोष्टींवर पूर्वजांनी ते समुद्राकडून मिळवले. भरतीला दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. पाईप नाही, पंप नाही. कोर्गुट भात याच मिठात पिकत आले. आणि आज? मासळीसाठी मानशीचा लिलाव होतो आणि कोळंबीच्या लोभाने खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाते. बांध फुटला तर दुरुस्तीचा अर्ज टेबलावरून टेबलावर. (ती टेबले मला चांगली ठाऊक आहेत.) मग शेत खारावते, गुरे विकली जातात आणि आपण परराज्यातले दूध पितो. सुरतेची सुमूल इथवर येऊन पोचली, यात तिचा काय दोष?

यंदा गावात मानशीचा लिलाव पुकारतील तेव्हा मी उभा राहून एवढेच विचारणार आहे : बोली कितीची ते राहू द्या, रात्री दार कोण राखणार?